आठ वाजताची शर्यत

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजीबुवा, तुम्हीही दम खा. एक साधा प्रश्न विचारतो. मोठा माणूस कोण? ज्याच्यासाठी शंभर लोक ताटकळत उभे राहतात तो? का जो दुसऱ्यासाठी उभा राहतो तो?

हसताय! म्हणताय, बुवा, हे तर पोरगंही सांगेल. मग मला सांगा, लग्नाचा मुहूर्त टळतो तो कुणापायी? अक्षता हातात भिजून गोळा होतात, भटजींचा घसा कोरडा पडतो, आणि माईकवरून काय ऐकू येतं? "साहेब वेशीपर्यंत आलेले आहेत!" अहो, साहेब तासभर वेशीपर्यंतच येत असतात! ती वेस आहे का समुद्र?

असू द्या. आख्यान ऐका. करंजओढा नावाचं गाव. तिथला भानुदास खरमाटे. बाप मेंढरं राखायचा, आणि हे पोरगं मेंढरांच्या पुढं पळायचं. शाळेत कवायतीचे ढोणे मास्तर होते. त्यांनी एकदा याला बांधावरून पळताना पाहिलं आणि जागीच थांबले. म्हणाले, "भानू, उद्यापासून पहाटे मैदानावर यायचं. चपला आणू नकोस, त्या तुला आडव्या येतात."

आठशे मीटरची शर्यत! मैदानाच्या दोन फेऱ्या. मास्तर सांगायचे, ही शर्यत फसवी आहे बाबा. पहिली फेरी डोक्यानं पळायची, दुसरी काळजानं. आणि अंग तापलेलं पाहिजे. तापलेलं अंग गार पडलं की स्नायू वैर धरतो.

भानू एकोणीस वर्षांचा झाला आणि राज्याच्या निवड स्पर्धेला गेला. पहिले तीन पुढं जाणार होते. सकाळी नऊची शर्यत. आठ पोरं अंग तापवून रेषेवर उभी. आणि पाहुणे? बरोबर ओळखलंत! वेशीपर्यंत आलेले! साडेदहाला आले, हार घेतले, भाषण केलं. तोवर पोरांनी तीनदा अंग तापवलं आणि तीनदा गार पडलं. भानू चौथा आला. एक जागा, मंडळी! वर्ष गेलं.

एसटी स्टँडवर मास्तरांनी त्याच्या पोटऱ्या चोळल्या. भानू रडत होता, पण दात आवळून. म्हणाला, "मास्तर, मी कधी मोठा झालो ना, तर पळणाऱ्याला असा उभा करणार नाही. तुमच्या गळ्याची शपथ!" मास्तर म्हणाले, "माझा गळा राहू दे. आधी मोठा हो."

झाला की मोठा! दोन वर्षांत राज्यात पहिला, पुढं देशात पहिला. एक मिनिट एकोणपन्नास सेकंद! मी तेवढ्या वेळात पागोटंसुद्धा बांधू शकत नाही. परदेशात पळून आला, पदकं आणली. गावानं बैलगाडीतून मिरवला. आणि त्याची नजर अशी तयार झाली होती की, पळणाऱ्याच्या चार ढांगा पाहिल्या की वेळ सांगायचा. "हा दोन मिनिटं चार." घड्याळ बघावं तर दोन मिनिटं चार! लोक खेटून उभे राहायचे हे ऐकायला.

पण पाय काय जन्मभर पळतात? पाय थांबले, तेव्हा पुढारी दारात आले. "भानुदासराव, तुमचं नाव घराघरात आहे. उभे राहा." राहिले. आमदार झाले. मग राज्याच्या धावपटू संघटनेचे अध्यक्ष. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, चांगली कामं केली त्यांनी. लाल रंगाचा चकचकीत ट्रॅक बांधला. पोरींना बूट दिले, दूध-अंडी सुरू केली. मास्तरांना आकड्यांचं नवं स्टॉपवॉच भेट दिलं. आणि एक रीत घातली. म्हणाले, दरवर्षी मुलींच्या आठशे मीटरचं पिस्तूल मी उडवणार. माझी शर्यत ती, माझ्याच हातानं सुटली पाहिजे.

यात वाईट काय? काहीच नाही! प्रेमानंच घातली ती रीत. पिस्तूल वर गेलं, पोरी वाकल्या, सगळं मैदान गप्प झालं, की त्या एका क्षणापुरते भानुदासराव पुन्हा भानू व्हायचे. बाकी वर्षभर नुसत्या शाली. घरात एवढ्या शाली साचल्या होत्या की, कपाटाचं दार लागेना.

त्या साली अंतिम फेरीत एक पोरगी होती. सारिका बुरुंगले. करंजओढ्याचीच, मास्तरांनी म्हातारपणी घडवलेली. पुढच्या महिन्यात तिला वीस पूर्ण होणार. म्हणजे तिच्या वयोगटात ही शेवटची संधी. पहिल्या दोघी देशाच्या शिबिराला जाणार. शर्यत आठ वाजता, उन्हाच्या आत.

आठ वाजले. साहेब कुठं? शेजारच्या गावात मिठाईच्या दुकानाची फीत कापत होते. संघटनेचे सेक्रेटरी लोखंडे, त्यांचा फोन आला. "साहेब, पोरी तयार आहेत. सोडू का?"

इथं थांबा, मंडळी. इथंच सगळं आख्यान आहे. "सोडा" एवढं म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. एसटी स्टँड आठवला, मास्तरांचे हात आठवले. पण वर्षातून एकदाच हातात येणारं ते पिस्तूल! ते दुसऱ्यानं उडवायचं? म्हणाले, "पाचच मिनिटं. आलोच."

फीत झाली. मग एका कार्यकर्त्याचं नवं घर. "साहेब, उपमा खाल्ल्याशिवाय सोडत नसतो!" नऊला फोन, "पाच मिनिटं." मग चौकात आणखी कार्यकर्त्यांचा हार. पावणेदहाला फोन, "वेशीपर्यंत आलोय!"

सव्वादहाला गाडी मैदानात शिरली. दीप लावला, हार घेतला, दोन मिनिटांचं भाषण दहा मिनिटं केलं. विषय काय? खेळाडूंच्या जीवनात वेळेचं महत्त्व! हसू नका हो... हसू नका. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

साडेदहा. पिस्तूल वर गेलं. बार!

सारिका सुटली. पहिली फेरी डोक्यानं पळली, तिसरी राहिली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि पोरीनं काळीज काढलं! एक मागं टाकली, दुसरी मागं टाकली. सगळ्यांच्या पुढं! लोक उभे राहिले. फक्त साहेब खाली बसले. कारण त्यांना दिसलं होतं. डावा पाय जरा आखूड पडत होता. गार पडलेला स्नायू. ती पडायच्या आधी चार ढांगा त्यांना कळलं, की ही आता पडणार.

दीडशे मीटर राहिले होते. मांडीचा मागचा स्नायू फाटला. पोरगी ट्रॅकवर बसली. बाकीच्या बाजूनं निघून गेल्या.

साहेब हारासकट धावले. किती वर्षांनी पळत होते! जवळ गेले, तर त्या पोरीनं काय केलं असेल? बसल्या जागी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "साहेब, माफ करा. गावाचं नाव घालवलं मी."

अरे देवा! तिनं माफी मागितली! तिनं!

मागून ढोणे मास्तर आले, काठी टेकत. ओरडले नाहीत. गळ्यातलं स्टॉपवॉच काढून साहेबांच्या हातात ठेवलं. ते चालूच होतं. दोन तास पस्तीस मिनिटं आणि पुढं सेकंद पळतायत. मास्तर म्हणाले, "भानू, शर्यत आठची होती. मी आठलाच बटण दाबलं. आता बंद करायचं ते तू कर. माझ्यानं होईना."

ते बटण भानुदासरावांनी दाबलंच नाही. घड्याळ कपाटात त्या शालींवर ठेवलं. आतला सेल संपेपर्यंत ते चालत राहिलं आणि हा माणूस रोज सकाळी कपाट उघडून ते बघत राहिला.

पुढं नियम केला. शर्यत वेळेवर सुटेल, पाहुणा असो नसो, पिस्तूल पंचांच्या हाती. स्वतः सातला येऊन गवतावर बसायला लागले. चांगलं केलं. पण मास्तर पुन्हा मैदानावर आले नाहीत. वर्षाच्या आत गेले. साहेब खांदा द्यायला वेळेवर पोचले, मंडळी. पण "चुकलो" म्हणायचं होतं, ते मास्तरांच्या कानावर पडलंच नाही.

सारिकाचा पाय बरा झाला, वय गेलं. एका शाळेत खेळाची बाई झाली. एक दिवस भानुदासराव एकटेच तिच्या दारात गेले. म्हणाले, "पोरी, मी तुझा गुन्हेगार आहे." ती म्हणाली, "बसा साहेब, चहा टाकते." चहा दिला. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला राग नाही. एकच विचारू? तुम्ही नुसतं बघून वेळ सांगता म्हणे. त्या दिवशी मी आठला सुटले असते, तर माझी वेळ किती आली असती?"

हजारोंची वेळ सांगितलेला माणूस! तोंड उघडलं, पण आकडा येईना. कप हातात तसाच गार झाला आणि तो म्हातारा त्या पोरीपुढं ढसाढसा रडला.

आता मला सांगा, मोठा कोण? अहो, आपला पांडुरंग कंबरेवर हात ठेवून विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. म्हणाला, देवा, थांब जरा. आणि देव थांबला! देवाला नाही कमीपणा वाटला. आपल्याला वाटतो!

आणि मंडळी, आजचं हे कीर्तन किती वाजता होतं? चारला. सुरू झालं पाच वाजता. अध्यक्ष यायचे होते. मीच म्हणालो, "थांबू या पाच मिनिटं." मी म्हणालो! ही पुढची आजी साडेतीनपासून पाठ धरून बसली आहे. आजी, तुमच्या पाया पडतो. चुकलो.

तुम्हीही आठवून बघा. कुणीतरी या घडीला तुमच्यासाठी थांबलं असेल. ताट झाकून बसलेली घरधनीण असेल. दवाखान्याला न्यायचं म्हणून धोतर नेसून ओट्यावर बसलेला बाप असेल. तुम्ही फोनवर सांगितलंय, आलोच. त्यांचं घड्याळ चालू आहे हो!

कीर्तनाची आरती राहू द्या, ती मी एकटा करीन. ज्यांच्यासाठी कुणी थांबलंय, त्यांनी विठ्ठलाचं नाव घ्यावं आणि उठावं. मी रागावणार नाही. उठा. आत्ता!