अलादार नावाचं जनुक

विषय : फळमाशीच्या बिघडलेल्या जनुकास ‘अलादार’ हे नाव मिळणेबाबत. संदर्भ : एतेल्कामावशींचा अर्ज… आता यात न समजण्यासारखं काय आहे हो? हंगेरीतल्या सेगेद गावच्या जीवशास्त्र संस्थेत मी कारकून, आणि मावशी माश्यांच्या स्वयंपाकघरात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट… प्रयोगाच्या माश्यांची लापशी! आणि तुम्हाला सांगतो, लापशी एकदम चोख!

तर एक दिवस डॉक्टर केरेकेश तणतणत आले, “मावशी, चौदा नंबरच्या बाटलीतल्या माश्या यीस्टच्या वासाला पाठ फिरवून बुचाला चिकटल्यात! लापशी नासलीय तुमची! सोमवारपासून बाहेरून मागवतो!” बाहेरून! म्हणजे मावशी घरी! मावशींनी डाव आपटला, त्याच पातेल्यातली लापशी पंधरा नंबरात ओतली, आणि तिथल्या माश्या लग्नाच्या जेवणावर पडावं तशा तुटून पडल्या!

“बघा! लापशी चोख आहे! तुमच्या माश्यांचं डोकं फिरलंय!”

“अहो, मी नाक तपासलंय त्यांचं, ठणठणीत आहे!”

“आमच्या अलादारचंही ठणठणीत आहे! शेजारी मासळीच्या रश्शाचा कोळसा होतो, आणि नवरा पेपर वाचतो! नाकाची तार डोक्यात भलत्याच खोलीत गेलीय, दुसरं काय!”

डॉक्टर जे पळाले… चौदा नंबरातल्या माश्यांचे मेंदू काढले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि काय सांगू! वासाच्या प्रत्येक तारेचं मेंदूत घर ठरलेलं, ते ठरवणारं जनुकच या माश्यांत मोडलेलं, आणि यीस्टची तार थेट घाणेरड्या वासाच्या घरात घुसलेली! सकाळी दहालाच पालिंकाची, आमच्या फळांच्या कडक दारूची, बाटली उघडली! सगळ्यांसमोर डॉक्टरांनी मावशींच्या हाताचं चुंबन घेतलं, “कबूल, मावशी! लापशी चोख होती! उद्याही तुमचीच, परवाही तुमचीच!”

आता माशीवाल्यांचा रिवाज असा, की खोड ज्याला आधी कळली त्यानं जनुकाला नाव ठेवायचं. मावशींनी क्षणभरही विचार केला नाही… “अलादार!” नवऱ्यानं संमतीवर झोकात सही ठोकली, वर गुत्त्यात सांगत सुटला, “माझ्या नावाचं जनुक निघालंय! तुमच्या कुणाच्या आहे?”

राहता राहिली जनुकांची नावं मंजूर करणारी समिती. तिनं विचारलं, अर्जदाराचा हुद्दा? लिहिलं, स्वयंपाकीण. उत्तर आलं, हा हुद्दा यादीत नाही. खुलासा धाडला, स्मरणपत्र धाडलं, मी निवृत्तसुद्धा झालो… असो. अर्ज विचाराधीन आहे.