प्रभावती काजू, अस्सल कोकणी

सोमनाथ : मी हे स्टिकर लावणार नाही.

दौलत : सोम्या, पहिल्याच दिवशी तमाशा नको. मी इथला सुपरवायझर, सगळं गोडाऊन बघतंय. यल्ला, हात चालव.

सोमनाथ : पोत्यावर काय छापलंय? व्हिएतनाम. आणि पाकिटावर काय डकवायचं? 'प्रभावती काजू, अस्सल कोकणी.' दादा, हा आपल्या कुडाळच्या शेटचा ब्रँड. आई सत्तावीस वर्षं त्याच्याच कारखान्यात काजू फोडत होती.

दौलत : मग? शेटचा ब्रँड, शेटची ऑर्डर. माल इथं रास अल खोरच्या गोडाऊनात पॅक होतो, कंटेनर इंडियाला जातो. पेपरवर्क मॅनेजर बघतो. तू फालतू टेन्शन घेऊ नकोस.

सोमनाथ : आम्हाला सांगितलं, बी मिळत नाही म्हणून कारखाना बंद. साठ बायका घरी बसवल्या मेल्यानं. मी भट्टीवर होतो, मलाही काढलं.

दौलत : काढणारच. व्हिएतनामात मशीनवर फोडलेला गर इथून जाऊनसुद्धा किलोमागे चार दिरहम स्वस्त पडतो. म्हणजे शंभरेक रुपये. कुठला धंदेवाला सोडेल?

सोमनाथ : पण कुडाळात बसलेल्या शेटला इथला भाव कळला कसा?

दौलत : व्यापारी माणूस. त्याला सगळं कळतं.

सोमनाथ : माझ्याकडे बघून बोल.

दौलत : मी पाठवला. व्हॉट्सॲपवर. झालं समाधान? मॅनेजर म्हणाला, इंडियाचा कस्टमर आण, सुपरवायझर करतो. बारा वर्षं पोती उचलली मी इथं. कंबरेचा पार चुराडा झाला.

सोमनाथ : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! आईनं काजू फोडून तुला विमानात बसवलं, आणि तू तिच्याच पोटावर पाय दिलास.

दौलत : मला वाटलं, थोडा माल इथून घेईल, थोडा तिकडे फोडेल. कारखान्यालाच कुलूप लावेल असं नव्हतं रे वाटलं. म्हणून तर तुला बोलावून घेतलं.

सोमनाथ : मला बोलावलंस. त्या साठ जणींचं काय?

दौलत : जास्त शहाणपणा नको! मॅनेजर राउंडला निघालाय. आज काम दिसलं तर तुझा व्हिसा पक्का, इन्शाल्ला. नाहीतर खलास. बॅग उचल आणि गावी जा. तिथं कुठली भट्टी पेटलीय तुझ्यासाठी?

सोमनाथ : (स्टिकरची गुंडाळी हिसकावून घेत) आण इकडे. लावतो. पण संध्याकाळी आईचा फोन येईल, तेव्हा काय लावलं आणि कुणामुळे, ते सांगणार.

दौलत : तिला नको सांगूस. हवं तर मला चार लाथा घाल.

सोमनाथ : तुला लाथ घालून काय होणार?

दौलत : हात कसे आहेत रे तिचे? काजूच्या चिकानं काळेकुट्ट झालेले. राख चोळली तरी डाग हटत नव्हता.

सोमनाथ : आता स्वच्छ झालेत. आठ महिन्यांत सगळा डाग गेला. ओटीवर बसून बघत असते त्यांच्याकडे.