कॅमेरा नसलेलं काहीतरी

बायको: हा नको. ह्याला कॅमेरा आहे.

दुकानदार: काकू, कॅमेरा हल्ली सगळ्यांनाच असतो. टॅबलेट घ्या, लॅपटॉप घ्या. उद्या पंख्यालाही बसवतील.

बायको: बसवू देत. आम्ही पंखा घ्यायला नाही आलो.

नवरा: अगं, जरा हळू. ते दाखवतायत ना. तुम्ही दाखवा हो. हा टॅबलेट म्हणजे आमच्या फोनसारखाच, फक्त मोठा. असंच ना?

दुकानदार: अगदी तसाच. बोटाने चालवायचा. अक्षरं हवी तेवढी मोठी करायची. मागे हा स्टँड लावला की टेबलावर उभा राहतो, हातात धरायला नको.

नवरा: हेच. मुलाने हेच सांगितलं होतं. म्हणाला, बाबा, हातात धरावं लागणार नाही असं काहीतरी घ्या.

बायको: त्याला काय जातंय तिकडे बसून सांगायला.

दुकानदार: मुलगा लांब असतो?

नवरा: लांब म्हणजे, आपली दुपार कलली की तो उठतो. मग कामावर जायच्या आधी आमच्याशी बोलतो.

बायको: लॅपटॉप दाखवा.

नवरा: अगं, लॅपटॉप आपल्याला झेपणार आहे का? ती सगळी बटणं...

बायको: जन्मभर ग्रंथालयात काढलात. लोकांना नेमकं पुस्तक काढून द्यायचात. चार बटणं नाही सापडणार?

नवरा: पुस्तकं एका जागी ठेवली की तिथेच राहायची. ही अक्षरं बघ, कुठलं कुठे बसलंय. आणि खरं सांगू का, लोकांना काय हवंय ते मला कळायचं. मला काय हवंय, ते विचारलं की अजूनही ततपप होतं.

दुकानदार: हा बघा, काका. हलका आहे. आणि काकू, तुमच्यासाठी ह्यात एक सोय आहे. पडद्याच्या वर हा ठिपका दिसतो ना, तो कॅमेरा. त्याच्यावर हे इवलंसं झाकण. असं नखाने सरकवलं की बंद.

बायको: बघू. ...आणि आपोआप उघडत नाही ना?

दुकानदार: तुम्ही उघडल्याशिवाय नाही.

बायको: हे बरं आहे. फोनचा कॅमेरा मागे, ह्याचा पुढे. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण झाकण बरं आहे.

दुकानदार: नाही, म्हणजे फोनलाही... थांबा हं, हा चार्जर आधी काढतो, पायात येतोय. काकू, रागावू नका, पण एक विचारू? कॅमेऱ्याचं एवढं काय? लोक तर उलट विचारत येतात, चेहरा स्वच्छ दिसेल ना.

नवरा: ते तसं काही नाही. तिला आपलं आवडत नाही.

बायको: झालं का सुरू तुमचं? ह्यांना कशाला थापा मारताय? दुकानात आलोय, सोयरीक जुळवायला नाही.

(ती तोंडावरचा रुमाल खाली घेते.)

दुकानदार: मला वाटलं, सर्दी झालीय तुम्हाला.

बायको: लकवा. चेहऱ्याचाच, बाकी हातपाय धड आहेत. सकाळी उठून चूळ भरली, तर पाणी एकाच बाजूने गळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. यायचं तेवढं आलं, राहिलं ते राहिलं.

दुकानदार: आणि मुलाला...

बायको: माहीत नाही. नोकरी नवी, घरात तान्हं मूल. सगळं टाकून धावत आला असता, आणि येऊन करणार काय होता? माझं तोंड धरून बसणार होता? म्हटलं, जरा बरं वाटलं की सांगू. मग बरं होईचना. आता झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुकानदार: मग बोलता कसं? नुसता आवाज?

बायको: नुसता आवाज कशाला? व्हिडिओवरच बोलतो. आम्हाला तो दिसतो, नातू दिसतो. त्याला आम्ही दिसत नाही. आमच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं ह्यांनी सांगून ठेवलंय. तेवढं एक डोकं चालवलं ह्यांनी.

नवरा: आणि तेव्हापासून तेच चालवतोय. तो विचारतो, कॅमेरा दुरुस्त का करून घेत नाही? दुकान बंद होतं. मग दुकानदार आजारी. बरा झाला, तर सुटा भाग मिळेना. मग पुन्हा आजारी. त्या माणसाला मी नंतर गावाला पाठवून दिलं.

दुकानदार: आमच्या धंद्यातल्या माणसाचे फार हाल केलेत, काका.

नवरा: चूकच झाली. पण मी दमलोय हो. फोन वाजला की आनंद व्हायला हवा, तर मी आधी शोधत बसतो, की आज काय सांगू. मला खोटं बोलायला जमत नाही, आणि आता जमायला लागलंय, ते तर त्याहून वाईट वाटतं.

बायको: तुम्ही दमलात. आणि माझं काय? मी नाट्यवर्ग घ्यायचे, भाऊ. शाळेतल्या मुलांना उभं कसं राहायचं, बोलताना ओठ कसे हलवायचे, ते शिकवायचे मी. आमचा हा पोरगा पहिल्या रांगेत बसायचा. घरी येऊन माझ्या नकला करायचा.

दुकानदार: काकू, बसा ना. खुर्ची आहे.

बायको: मला बसायचं नाही, लॅपटॉप घ्यायचाय. झाकणाचा.

नवरा: आणि मला टॅबलेट हवाय. झाकण नसलेला. झालं? सांगितलं एकदाचं. आज घरी जाऊन उभा करायचा टेबलावर, आणि तुझा काय चेहरा आहे तो दिसू दे त्याला.

बायको: चेहरा तुमचा आहे का?

नवरा: नाही.

बायको: मग?

नवरा: मग काही नाही. घे लॅपटॉप. तुझ्या मनासारखं होऊ दे. माझ्या मनासारखं काही झालं तर मला तरी कुठे सुचतंय पुढे काय करायचं. बांधा हो लॅपटॉप.

दुकानदार: तुम्ही दोघं घरी जाऊन ठरवा हवं तर. मी कुठे पळून जात नाही.

बायको: ठरलंय. बांधा.

दुकानदार: बरं. मग तुमचा फोन द्या इकडे. मुलाचा नंबर, नातवाचे फोटो, सगळं ह्यात घेऊन देतो. घरी गेल्यावर नुसतं त्याच्या नावावर टिचकी मारायची.

नवरा: हा घ्या. जरा जपून. मागची पट्टी निघेल.

दुकानदार: ही कसली पट्टी?

बायको: जखमेवर लावायची. चांगली चिकटते, ओल्या हातानेही निघत नाही. नुसतं बिघडलाय म्हणून कसं भागेल? तो नेमका मध्येच चालू झाला तर? म्हणून वर ही लावली.

दुकानदार: ही पट्टी लावून तुम्ही व्हिडिओवर बोलता?

बायको: हो.

दुकानदार: काका, हा मागचा कॅमेरा आहे.

नवरा: हो. कॅमेरा.

दुकानदार: मागचा. समोरच्या झाडाचा, माणसाचा फोटो काढायचा. बोलताना हा चालत नाही. बोलताना पुढचा चालतो. हा बघा, काचेखाली, वर. काळा ठिपका.

नवरा: तो? तिथून आवाज येतो ना?

दुकानदार: आवाज ह्या फटीतून. तो ठिपका म्हणजे कॅमेरा. आणि तो उघडाच आहे, काका.

बायको: काय म्हणतायत हे?

नवरा: थांब जरा. अहो, पण बोलताना कोपऱ्यात एक चौकोन येतो. त्यात आम्ही दिसतो. तो आरसा असतो ना? आपलं आपल्याला दिसावं म्हणून?

दुकानदार: त्या चौकोनात जे दिसतं, तेच पलीकडे मोठं दिसतं.

नवरा: मी म्हटलं, कॅमेरा मागे, आणि तो झाकलेला. म्हणजे हा आरसा. मी नीट विचार करून म्हटलं होतं ते.

बायको: कधीपासून?

नवरा: काय कधीपासून?

बायको: तो मला कधीपासून बघतोय?

नवरा: ...पहिल्यापासूनच म्हणायचं.

बायको: मी त्या चौकोनाकडे बघायचेच नाही हो. घरातल्या आरशात बघायचंसुद्धा सोडलं, तिथे कुठे बघत बसू? तुम्ही म्हणालात, त्याला काही दिसत नाही. मी आपली रुमाल बाजूला टाकून, तोंड वर करून बसायचे.

नवरा: पण मी विचारलं होतं गं त्याला. पट्टी लावली त्याच दिवशी. काही दिसतंय का रे? तो जरा थांबला. मला वाटलं, आवाज अडकला. मग म्हणाला, नाही बाबा, नुसता काळोख आहे.

दुकानदार: मी पाणी आणतो.

बायको: नको पाणी. अहो, फोन धरलात की तुमचा हात कापतो. हे त्याला तुम्ही बोललात कधी?

नवरा: नाही.

बायको: मी पण नाही. आणि म्हणे, हातात धरावं लागणार नाही असं घ्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नवरा: मला कॅटलॉगमधलं एक कार्ड उलटं लागलं तर झोप लागायची नाही. आणि हे... चुकलं माझं.

बायको: तुमचं चुकतं हे रोजचंच आहे. ते राहू द्या. एक आठवतंय का? तो आधी किती विनोद सांगायचा. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल, त्या शेजारणीची नक्कल. आणि मग एकाएकी थांबलाच. हवापाणी, पोराचं खाणं, बास. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, की परदेशात माणूस वाळतो.

नवरा: म्हणाली होतीस.

बायको: हसले की माझं तोंड पार कानाकडे ओढलं जातं. आपल्या पोराने एकदा बघितलं असणार. मग हसवायचंच सोडून दिलं त्याने.

नवरा: तू डोळे पूस. हे घे.

बायको: हा डोळा असाच गळतो. दुसरा कोरडा आहे बघा.

दुकानदार: काकू, मघाशी मी पूर्ण खरं बोललो नाही. सकाळपासून उभा आहे, म्हटलं, कशाला उगाच वाढवा. डेस्कटॉप घेतलात तर त्याला कॅमेरा नसतो. वेगळा विकत घेऊन लावावा लागतो, नाही लावला तर नाही. जागा खातो म्हणून कुणी मागत नाही, पण आत एक आहे. तुम्ही म्हणताय तसा, अगदी आंधळा. काढू का?

बायको: ऐकलंत? मिळतंय आपल्याला हवं ते.

नवरा: मला विचारू नकोस. मी सांगितलेलं बघतेयस ना कुठे गेलं ते.

बायको: तुम्हालाच विचारतेय. दुसरं आहे कोण इथे?

नवरा: मग मला वाटतं, नको. त्याने आता तुला बघितलंय. परत झाकलंस, तर त्याला कळेल, की आपल्याला कळलं. आणि मग तो तिकडे बसून विचार करणार, आईला काय वाटलं असेल. त्यापेक्षा... पण तू म्हणशील तसं.

बायको: "तू म्हणशील तसं" जोडल्याशिवाय एक वाक्य पुरं होत नाही ह्यांचं. भाऊ, तो टॅबलेट इकडे करा. तो पुढचा कॅमेरा सुरू करून द्या.

दुकानदार: मुलाला लावू?

बायको: कुणाला लावू नका. मला बघायचंय.

दुकानदार: हे घ्या. असा धरा. जरा उजेडाकडे.

बायको: ...बाई गं.

नवरा: काय झालं?

बायको: वाईट दिसतं.

नवरा: दिसतं.

बायको: एवढं?

नवरा: सुरुवातीला जास्त होतं. आता सवय झालीय म्हणून मला नेमकं सांगता येत नाही. जेवताना दिसतं. झोपलीस की अजिबात दिसत नाही.

बायको: तुम्ही मला झोपलेली कशाला बघता?

नवरा: झोप लागत नाही मला.

बायको: ...भाऊ, हा बांधा. स्टँडसकट.

दुकानदार: नक्की ना? लॅपटॉप बाजूला ठेवलाय तसाच.

बायको: नक्की. आणि जरा घाई करा. तो उठायची वेळ झाली.

नवरा: आजच? अगं, पण मी त्याला काय सांगू? कॅमेरा दुरुस्त झाला म्हणू, की नवा घेतला म्हणू, की तुला आत्ताच हे झालंय असं... आणि तो विचारेल, कधी झालं. मग पुन्हा सगळं रचायचं. माझ्याच्याने होणार नाही गं.

बायको: काही रचायचं नाही.

नवरा: मग बोलायचं काय?

बायको: ते मी बघते. तुम्ही आज नुसते शेजारी बसा.