अण्णाचा करदोडा

सांगतो ऐका, माझ्या थोरल्या भावाचा करदोडा बघून नर्सबाईच दचकली. कोळारला आमच्या कारखान्यात तपासणी होती, मी अण्णालाबी नेलो. कंबर मोजायला शर्ट वर केला, तर गाठीगाठीचा दोरा पोटात रुतलेला.

"तोडा की हा," बाई म्हणाली.

"न्हाई बाई," अण्णा म्हणाला. "आमच्यात करदोडा मेल्यावरच तोडतेत. आवळला की तुकडा जोडताव."

शेजारी डॉक्टर आकडे बघायलते. "दुखतंय काही?"

"काहीच न्हाई."

"पोट, बीपी, साखर, चरबी, सगळं एकदम वाढलंय अण्णा. हे न दुखताच हृदयाला गाठतंय. पोट उतरवा, न्हाई तर हा दोरा लवकरच तोडावा लागंल."

मी हळूच माझ्या शर्टात हात घातला. तीन गाठी लागल्या.