शनिवारी बाकडं रिकामं

...नाही नाही, मान हलवू नका, फेस डोळ्यात जाईल. काय म्हणत होता? नंतर सांगा, आता ओठ हलवायचे नाहीत. तर तुम्हाला सांगतो, तुम्ही नवीन दिसता म्हणून सांगतो, आज वार कुठला, शनिवार, वाजले किती, पाच, आणि हे माझं बाकडं बघा. बघा म्हणजे आरशातून बघा, मान वळवू नका. रिकामं. याच बाकड्यावर शनिवारी पाचला टेकायला जागा मिळायची नाही, लोक दाराला टेकून उभे राहायचे, एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि त्यातल्या निम्म्यांना ना दाढी करायची असायची ना केस कापायचे असायचे, मग ते यायचे कशाला? मला ऐकायला. आपल्या तोंडाने आपलं काय सांगायचं, पण सांगायला दुसरं कोणी उरलंच नाही, तर मीच सांगतो. आणि गेले कुठे सगळे? समोर. रस्त्यापलीकडे ती पिवळी इमारत दिसते ना, सार्वजनिक वाचनालय, तिथे. दर शनिवारी पाच ते सात, ‘आपले हक्क, आपली चर्चा’. म्हणजे काय, तर राज्यघटनेतला एकेक हक्क घ्यायचा, खुर्च्या गोल मांडायच्या आणि त्यावर बोलायचं. आणि तेसुद्धा फुकट.

फुकट म्हणे. अहो, मी तरी कुठे तिकीट लावलं होतं? तीस वर्षं या दुकानात मी बोलतोय, निवडणूक म्हणू नका, पाणी म्हणू नका, शाळांच्या फिया म्हणू नका, कोणाचं चुकलं, कोणी काय करायला हवं होतं, सगळं, आणि तुम्हाला खरं सांगतो, या तीस वर्षांत खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाने मला खोडून काढलेलं नाही. एकानेही नाही. मी वस्तरा गळ्याशी आणून विचारायचो, ‘बरोबर की नाही?’ तर माणूस ‘हूं’ म्हणायचा. फार तर डोळे मिटायचा. याला म्हणतात वजन. निदान मला तसं वाटायचं.

चांगली दाट आहे हो तुमची, वस्तरा अडखळतोय.

तर सुरुवात केली पोस्टमनकाकांनी. काका रिटायर होऊन सहा वर्षं झाली, बाकड्याचा हा भिंतीकडचा कोपरा त्यांचा, भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे बघा, डाग आहे, काका नाहीत. एका शनिवारी काका आले नाहीत, म्हटलं ताप असेल. पुढच्या शनिवारी शिंपी आला नाही, म्हटलं त्यालाही काकांचा ताप लागला असेल. तिसऱ्या शनिवारी मी इथे एकटा, आणि समोर वाचनालयाच्या खिडकीत सगळे ओळीने बसलेले, माझे, माझ्या बाकड्यावरचे, आणि हसतायत. मी इकडे कोरड्या ब्रशला साबण लावतोय, पुन्हा धुतोय, पुन्हा लावतोय आणि तिकडून हसण्याचा आवाज. जळलो हो. खोटं कशाला बोलू, जळून खाक झालो. रविवारी काका आल्यावर मी सहज विचारलं, अगदी सहज, ‘काय काका, तिथे सोनं वाटतात का?’ तर काका, त्यांचा आवाज असा नाकातून, ‘सोनं नाही रे, चहा देतात. दोन बिस्किटं देतात. आणि आमचं ऐकून घेतात.’ आमचं? म्हणजे काकांना काही म्हणायचं असतं? बावीस वर्षं हे डोकं माझ्या हाताखालून जातंय, त्याच्या आत काही चाललेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते ऐकून घेतात, तेसुद्धा फुकट.

बरं, काका परके. माझी बायको? ती बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे, शनिवारी चारला सुटते, आणि चौथ्या शनिवारी बघतो तर बाईसाहेब खांद्याला पर्स अडकवून दुकानासमोरून सरळ रस्ता ओलांडतायत. म्हटलं, ‘कुठे?’ म्हणाली, ‘वाचनालयात. आज समानतेवर आहे.’ म्हटलं, ‘अगं मग घरी मी आहे की. समानतेवर मी सांगतो तुला, जेवताना.’ तर ती म्हणाली, ‘म्हणूनच चाललेय.’ आणि गेली.

बोट खाली करा. गाल ताणला जातो ना, म्हणून. काय असेल ते शेवटी सांगा, आता उजवा गाल होत आला.

मग मी ठरवलं, एकदा जाऊन बघायचंच, की तिथे असा कोण लागून गेलाय जो माझ्यापेक्षा बरा बोलतो. पाचव्या शनिवारी दारावर ‘आलोच’ची पाटी लावली आणि गेलो. आणि काय बघतो? तिथे बोलणारं कोणी नाहीच. एक ग्रंथपालबाई, एवढीशी, आवाज असा की शेजारच्या कपाटातल्या पुस्तकालासुद्धा ऐकू जाऊ नये. तिच्यापुढे एक वाळूचं घड्याळ, तीन मिनिटांचं. ती घड्याळ उलटं करते, कोणाकडे तरी बघते आणि विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं?’ झालं. हेच तिचं भाषण. मग हनुवटीखाली हात घेऊन बसते आणि थांबते. समोरचा गप्प, तर हीसुद्धा गप्प, शिंपी म्हणाला ती मनात दहापर्यंत मोजते. तीस वर्षांत मी कुठल्या प्रश्नानंतर दोनपर्यंत मोजलेलं नाही. आणि या एका प्रश्नावर या बाईने माझं अख्खं बाकडं पळवलं.

त्या दिवशी पहिला नंबर माझ्या बायकोचा, समानतेवरचं तिचं मागच्या शनिवारी राहिलं होतं. मला वाटलं लाजेल, पदर सारखा करेल, ‘मला काही नाही बोलायचं’ म्हणेल. ती बोलली. म्हणाली, ‘बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. म्हणून मी सकाळी घरून निघाले की परत येईपर्यंत पाणी पीत नाही. आम्ही कोणीच पीत नाही. नऊ वर्षं झाली.’ वाळू संपायच्या आत बोलून खाली बसली. आणि तुम्हाला सांगतो, मला एक वाईट याचं वाटलं, की रोज घरी आल्या आल्या ही दोन तांबे पाणी का पिते, असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मी पाण्याच्या राजकारणावर बोलत असायचो. आणि दुसरं वाईट याचं वाटलं, मनातलं सांगतो, की ती हे मला नाही, त्या एवढ्याशा बाईला सांगत होती. मला का नाही? वस्तरा तर मी घरी नेत नाही.

मग बाई माझ्याकडे वळली. ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्या दिवशी विषय होता बोलण्याचं स्वातंत्र्य. म्हटलं, आता दाखवतो. काढला माझा हुकमी विषय, दुकानासमोरच्या गटाराचं फुटकं झाकण. अकरा वर्षं मी त्या झाकणावर बोलतोय, त्यात पडलेल्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, मी स्वतः दोनदा. या विषयावर लोक माझ्या दुकानात अर्धा अर्धा तास खिळून बसलेत. पण माझी एक सवय आहे, बोलताना माझे हात रिकामे राहत नाहीत. मी उठलो कधी, काकांच्या खुर्चीमागे गेलो कधी आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून थोडं डावीकडे कलवलं कधी, मला पत्ता नाही. आणि मी रंगात येऊन विचारलं, ‘बरोबर की नाही?’ तर ते डोकं, अहो माझ्या हातातलं डोकं, वळलं आणि म्हणालं, ‘नाही.’

‘नाही,’ म्हणाले काका, ‘अकरा वर्षं बोलतोयस, एका ओळीचा अर्ज कधी दिलास का?’ म्हटलं, ‘अर्जाने काय होतंय?’ तर म्हणाले, ‘लिहिल्याशिवाय काय होतं तेही बघितलं की अकरा वर्षं.’ लोक हसले. तेच हसणं, जे मी खिडकीतून ऐकत होतो, आता तोंडावर. आणि काका थांबेनात, बाईने घड्याळ उलटं केलं होतं ना त्यांच्यासाठी, म्हणाले, ‘आणि बोलण्याचं स्वातंत्र्य चाललंय तर एक सांगतो. बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुझ्या खुर्चीत बसलो तेव्हा मला मिशी होती. मला फक्त दाढी करायची होती. तू शहराच्या पाणीपट्टीवर बोलत होतास, मला सांगायला फट मिळेपर्यंत मिशी गेली. मग दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण वस्तरा गळ्याशी असताना कोण बोलणार?’

बावीस वर्षं. मी त्याला वजन समजत होतो.

मग त्यांनी काय केलं? तिथल्या तिथे दोन अर्ज लिहिले, एक बाजारातल्या मुतारीचा, एक माझ्या झाकणाचा. काकांचं अक्षर, बाईचा कागद, सगळ्यांच्या सह्या, माझी सही सतरावी. माझ्या झाकणावर माझी सही सतरावी! आणि तीन आठवड्यांत नगरपालिकेचा माणूस येऊन नवं कोरं झाकण बसवून गेला. मी त्याला तावातावाने विचारलं, ‘अकरा वर्षं काय झोपला होता?’ तर त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, ‘साहेब, या झाकणाबद्दल आमच्याकडे ही पहिलीच तक्रार आहे.’ ऐकलंत? पहिलीच. मुतारीची जागासुद्धा आखून झाली, बायको परवा सांगत होती, म्हणजे मला नाही, फोनवर मैत्रिणीला. म्हणजे बघा, बाकडं गेलं, बायको गेली, आणि उरलासुरला माझा एकुलता एक विषय होता, त्याच्यावर यांनी झाकण बसवलं. आणि तेसुद्धा फुकट.

आता तो पलीकडे खिडकीत कोण बसलाय, दिसतो? पांढरी मिशी. काका. महिनाभरात किती भरघोस आलीय बघा. शोभते हो त्यांना, नाही म्हणवत नाही. काल इथे आले, खुर्चीत बसले आणि आधी मिशीवर असा आडवा हात धरला, मग म्हणाले, ‘हं, कर सुरू.’

पण मीही काही इतका हा नाही. मी म्हटलं, त्या बाईला जमतं ते मला का जमू नये? तिच्याकडे एक प्रश्न आणि दहा आकडे, तेवढं भांडवल आपल्याकडेही आहे. तुमच्यापासून सुरुवात करतो. हे बघा, वस्तरा खाली ठेवला. हात मागे घेतले. आता शांतपणे सांगा, तुम्हाला काय वाटतं? एक... दोन... घाई नाही, सावकाश... पाच... सहा...

काय?

फक्त केस कापायचे होते?

दाढी ठेवायची होती. ...बरं. किती दिवसांची? ...चार महिन्यांची. आणि हे तुम्ही केव्हापासून सांगताय? ...फेस लावायच्या आधीपासून.

अहो, मग बोलायचं ना, बोलायचा तुम्हाला पूर्ण... हो. बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं.

आता उजवीकडची गेलीच आहे, डावीकडची एकटी ठेवून तरी काय करणार तुम्ही? मान सरळ ठेवा. नाही, आता मी एक शब्द बोलत नाही. हे उरकलं की केस कापतो, तुम्ही सांगाल तसे. आणि दाढीचे पैसे देऊ नका, आजपासून इथेसुद्धा फुकट.