कोट्याची लाईन

साताऱ्यातल्या लष्करी कॅन्टीनच्या दारूच्या खिडकीपुढं महिन्याचा ठरलेला कोटा घ्यायला सकाळीच रांग लागली होती. माझ्यापुढं दोन म्हातारे माजी सैनिक होते.

“सुभेदार, तुमी तर सोडलीया म्हणं?”

“दोन वर्सं झाली. आता वासबी सोसत न्हाई.”

“आवं, लडाखात माझ्या वाटणीची रम तुमीच प्यायचा!”

“तवा थंडी हुती, मल्हार. रिटायर झाल्यावर व्हिस्की, मटण, चार गडी. मग डॉक्टरनं लिव्हरचा फोटो दावला.”

“मग ह्यो कोटा कुणाला?”

“धैर्यशीलला.”

“पोराला? सोता नेऊन देताय?”

“न्हाई नेली तर मोटरसायकलवर ढाब्याला जातोय. घरात पितोय, तवर डोळ्यापुढं तरी हाय.”

“पर त्याला लावली कुणी?”

“भरतीत नापास झाला, लय रडत हुता. म्या म्हणलं, फौजीचं पोर तू, रडतोस काय? आन् माझ्याच गिलासात वतून दिली.”

“वहिनी काय म्हणत्यात?”

“त्या दिवसापासनं माझ्याशी बोलत न्हाई.”

“फुडं या, सुभेदार! कार्ड द्या. किती देऊ?” खिडकीतल्या माणसानं हाक दिली.

“एक... न्हाई, थांब जरा.”

“मागं लाईन हाय, साहेब.”

“सुभेदार, चला की घरी, मोकळ्या हातानं.”

“आन् त्यो गाडीची किल्ली घिऊन निघाला तर? तू आडवा येणार हाईस?”

मल्हार खिडकीपासून बाजूला सरला.

“दे रं. सगळा कोटा दे.”