माइकवर गहिवरायचं कसं

शिकलेल्या माणसाला शब्द लय येतात, पण ते वापरायचे कवा ते कळत न्हाई. आमच्या मास्तराचंच बघा. माझा थोरला फौजेतनं रिटायर होऊन येणार म्हणून गावानं सत्कार ठेवला. बाप म्हणून मी दोन शब्द बोलायचे होते. मास्तरानं चिठ्ठी लिहून दिली. पहिलीच ओळ, 'आज मला गहिवरून आलंय.'

म्हटलं, "गहिवरणं म्हंजे काय रं?"

"आवं तात्या, गळा दाटतो, तोंडातनं शब्द फुटत न्हाई."

"मग त्यो माणूस माइकवर सांगणार कसा?"

ती ओळ मी खोडायला लावली.

मेढ्याच्या एसटी स्टँडपासनं पोराला जीपमधनं मिरवत आणलं. खाली उतरून त्यानं आपल्या गळ्यातला हार मला घातला आन ताठ उभा राहून सलाम ठोकला. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी तो धरून उभा राहिलो आन तसाच परत दिला.

घरी जाताना मास्तर म्हणाला, "तात्या, आता कळला न्हवं अर्थ?"

"गप रं. माइक बंद हुता."

"आवं, त्याच माइकवर नंतर सरपंच अर्धा तास बोलले की!"

म्हटलं, "बोलणारच. त्याला कुठं गहिवरून आलं हुतं?"